प्राणवायूचे देणे

मनुष्य ज्या वस्तूवर जगतो त्याच वस्तूने हळूहळू झिजतो, असे कोणी म्हटले असते तर आम्ही ते वाक्य शब्दचमत्कृतीच्या सदरात घालून मोकळे झालो असतो. अग्नी अन्न शिजवितो आणि घरही जाळतो, पाणी तारते आणि बुडवितेही, अशा धर्तीची वचने कीर्तनाच्या पूर्वरंगात शोभतात. त्यांनी कोणाची झोप मोडल्याचे ऐकिवात नाही. परंतु आमच्या थोरल्या बंधूंच्या हाती आलेल्या एका बाटलीमुळे या जुन्या वचनाकडे आम्हांस निराळ्या दृष्टीने पाहावे लागले, आणि त्या पाहण्यात आमच्या काही रात्रींची झोपही गेली. ती हकीकत, व तिच्या निमित्ताने जे थोडे वाचन घडले त्याचे सार, वाचकांपुढे ठेवण्याचा विचार आहे.

आमचे घर वसईस व बंधूंचे विरारास. माघ महिन्यात दोन्ही घरची मंडळी मिळून जीवदानीच्या डोंगरावर जावयाचे, हा वडिलांच्या वेळेपासूनचा परिपाठ. यंदा निम्म्या पायऱ्या चढून होतात न होतात तोच दादा एका कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, “तुम्ही पुढे व्हा. मी जरा हवा खाऊन येतो.” हवा खाण्याइतकी हवा तेथे होतीच; पण ती त्यांच्या छातीत शिरत नव्हती, हे त्यांच्या ओठांच्या रंगावरून दिसत होते. दादांचे वय बासष्ट. त्यांपैकी बेचाळीस वर्षे विडीच्या सोबतीत गेलेली. देवीपुढे त्या दिवशी कोणी काय मागितले ते आम्हांस ठाऊक नाही, परंतु उतरताना वहिनी आम्हांस बाजूला घेऊन इतकेच म्हणाल्या, “भावोजी, आता तुम्हीच काही बोला. माझे ऐकायचे दिवस केव्हाच सरले.”

बोलण्याची संधी आठच दिवसांनी आली. आम्ही विरारास गेलो तो दादा मोठ्या उत्साहात होते. लोकलमधील एका स्नेह्याच्या सल्ल्याने त्यांनी गोळ्यांची एक बाटली आणिली होती, आणि तिच्यावर ठळक अक्षरांनी ‘अँटिऑक्सिडंट’ असे छापिले होते. दादांची सारी नोकरी हिशेबखात्यात गेलेली. तेव्हा त्यांनी आम्हांस प्रकरण जमाखर्चाच्या भाषेतच समजाविले. “हे बघ, विडीच्या धुराने शरीरात मुक्त मूलक म्हणून काही पदार्थ शिरतात. ते नासधूस करतात. ही झाली नावेची बाजू. या गोळीतला माल त्या मूलकांना गिळून टाकतो. ही जमेची बाजू. सकाळी एक गोळी, संध्याकाळी एक. खाते चुकते! आता विडीवर कोणी बोलायचे कारण उरले नाही.” आणि खरोखरीच कोणी बोलू नये म्हणून त्यांनी तेथेच एक विडी शिलगाविली.

आमच्यापाशी उत्तर नव्हते. हिशेब चुकीचा आहे असे मनास वाटत होते, पण चूक कोठे ती दाखविता येईना. आणि हिशेबनिसापुढे नुसते ‘मला वाटते’ चालत नाही. म्हणून आम्ही वाचावयास बसलो. वाचीत असता प्रथम जी गोष्ट ध्यानात आली ती ही, की दादांच्या बोलण्यातील प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर खरे होते. अर्धसत्याशी भांडणे असत्याशी भांडण्यापेक्षा कठीण असते ते याचसाठी.

मुक्त मूलक हे नाव भयंकर असले तरी कल्पना साधी आहे. पदार्थाच्या अणुरेणूंत जे इलेक्ट्रॉन असतात ते बहुधा जोडीजोडीने नांदतात. एखाद्या रेणूत अशा जोडीतला एकच इलेक्ट्रॉन उरला, म्हणजे तो रेणू अस्वस्थ होतो आणि शेजाऱ्याचा इलेक्ट्रॉन हिसकावून आपली जोडी पुरी करतो. त्याची जोडी जमते. पण आता शेजारी एकटा पडतो, आणि तो आपल्या शेजाऱ्यावर हात टाकतो. येणेप्रमाणे एका चोरीतून दुसरी व दुसरीतून तिसरी अशी साखळी चालू होते. आपल्या पेशींच्या आवरणात जो स्निग्धांश असतो त्यात ही साखळी फार लवकर पसरते. बरणीच्या तळाशी राहिलेले तेल खवट होते, किंवा सुकविलेला बांगडा काही दिवसांनी कडवट लागू लागतो, तेथे हाच प्रकार घडत असतो. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत घालतात. त्याच्या अंगी चरबी थोडी म्हणून तो सुकून पुष्कळ टिकतो, आणि बांगडा चरबीचा म्हणून टिकत नाही. रसायनशास्त्राचा हा पाठ आमच्या कोळणींस शास्त्राच्या नावावाचून पाठ आहे.

आणि या साऱ्या चोऱ्यांच्या मुळाशी बहुतेक वेळा कोण, तर ज्याला आपण प्राणवायू म्हणतो तो! त्याचा शोध लावणाऱ्यांपैकी प्रीस्टली या इंग्रज धर्मोपदेशकाने १७७४ साली हा वायू वेगळा केला. त्यात मेणबत्ती फार भराभर जळते हे पाहून त्याला त्याच वेळी शंका आली, की औषध म्हणून हा शुद्ध वायू उपयोगी पडला तरी निरोगी माणसाने तो नित्य घेतल्यास मेणबत्तीप्रमाणे त्याचेही आयुष्य लवकर सरेल की काय. ही शंका पुष्कळ वर्षे गमतीची म्हणून पडून राहिली. पुढे विसाव्या शतकाच्या मध्याला पाश्चात्त्य देशांतील रुग्णालयांत अपुऱ्या दिवसांच्या बालकांना वाचविण्यासाठी प्राणवायू मुबलक देऊ लागले. बालके वाचली, पण त्यांतील हजारो आंधळी झाली. आणि तो दोष प्राणवायूच्या अतिरेकाचा, असे १९५१ च्या सुमारास दिसून आले. १९५४ साली रेबेका गर्शमन या आर्जेंटिनाच्या विदुषीने व तिच्या सहकाऱ्यांनी क्ष-किरणांची बाधा आणि प्राणवायूची बाधा या दोहोंचे मूळ मुक्त मूलकांतच आहे असे मांडले, आणि १९५६ साली अमेरिकेतील डेनम हार्मन याने म्हातारपणाचेही खापर त्यांच्याच माथी फोडले.

मग प्रश्न असा पडतो की, ज्या हवेत लोखंडाचे फाटक गंजते, तेल खवट होते व कापलेले केळे काळे पडते, त्याच हवेत आपण सत्तर-ऐंशी वर्षे कसे टिकतो? वसईच्या खाऱ्या वाऱ्याने आमच्या घराच्या खिडकीचे गज दर दोन-तीन वर्षांनी रंगवावे लागतात. आमच्या फुप्फुसांस मात्र कोणी रंग दिलेला नाही.

याचे उत्तर प्रथम वहिनींच्या स्वयंपाकघरात मिळाले. केळ्याच्या चकत्या कापून त्यांवर त्या लिंबू पिळतात, म्हणजे चकत्या पांढऱ्या राहतात. अखंड केळ्यात रंग धरणारे पदार्थ एका कोठडीत व त्यांना प्राणवायूशी जोडून देणारे विकर दुसऱ्या कोठडीत असते. सुरी फिरली की भिंती फुटतात, दोघांची गाठ पडते, आणि हवेच्या साक्षीने काळेपणा उतरतो. लिंबाचा आंबटपणा त्या विकराचा जोर मोडतो. आणि त्यातील क जीवनसत्त्व प्राणवायूपुढे स्वतः उभे राहून म्हणते, ‘इलेक्ट्रॉन पाहिजे ना? माझा घे.’ असा इलेक्ट्रॉन देऊन साखळी तोडणाऱ्या पदार्थांस अँटिऑक्सिडंट म्हणतात. आपण त्यांस ऑक्सिडीकरणरोधक किंवा थोडक्यात रोधक म्हणू. त्यांचे वैशिष्ट्य हे की, स्वतःचा इलेक्ट्रॉन गेला तरी ते चोर बनत नाहीत. उणीव सोसून स्वस्थ बसतात. असे दाते शरीरात असल्यामुळेच चोरांचे राज्य होत नाही.

या दात्यांत कामाची वाटणी असते. पेशींच्या स्निग्ध आवरणात ई जीवनसत्त्व पहारा करते. ते थकले म्हणजे बाहेरच्या पाणथळ भागातील क जीवनसत्त्व आपला इलेक्ट्रॉन देऊन त्यास पुन्हा उभे करते. आणि क जीवनसत्त्वास ग्लुटाथायोन नावाचा शरीरातच तयार होणारा पदार्थ हात देतो. हे हातउसन्याचे व्यवहार अष्टौप्रहर चालू असतात. परंतु खरे सेनापती याहून निराळे आहेत. तांबे अंगी असलेले एक निळसर प्रथिन रक्तात सापडल्याचे १९३८ पासून ठाऊक होते, पण ते तेथे काय करते हे कोणास उमगले नव्हते. १९६९ साली मकॉर्ड आणि फ्रिडोविच या गुरुशिष्यांनी दाखविले की, प्राणवायूपासून होणाऱ्या सुपरऑक्साइड या मूलकाचा निकाल लावणे हेच त्याचे काम. त्या निकालातून हायड्रोजन पेरॉक्साइड उरते. त्याचे कॅटलेज हे दुसरे विकर पाणी व प्राणवायू करून टाकते. जखमेवर पेरॉक्साइड टाकले असता जो फेस उसळतो तो याच कॅटलेजचा पराक्रम होय. गोळीतील एक रेणू एकाच मूलकास एकदाच इलेक्ट्रॉन देऊ शकतो असे मानले, तर हे विकर न थकता क्षणाक्षणाला अगणित रेणूंचा समाचार घेते. बाटलीत भरून विकावे असे जे आहे त्याहून कितीतरी मोठे भांडवल प्रत्येकाच्या देहात जन्मतः ठेवलेले आहे, हे वाचून आम्हांस दादांच्या हिशेबातील पहिली चूक सापडली. त्यांनी जमेच्या बाजूला बाहेरची उसनवारी तेवढी मांडली होती. घरची शिल्लक विसरले होते.

तथापि बाहेरून काहीच नको असेही नव्हे. बहुतेक प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या देहात तयार करतात. मनुष्याने ती विद्या उत्क्रांतीच्या प्रवासात गमावली. कलकत्त्याच्या गुहा व रॉय यांनी १९५८ साली असे प्रसिद्ध केले की, लालबुड्या बुलबुलास व फळे खाणाऱ्या मोठ्या वटवाघळासही ती साधत नाही. आमच्या बाजूच्या वाड्यांत केळीच्या घडावर रात्री वटवाघळे येतात आणि पपईवर दिवसा बुलबुल. आजवर आम्ही त्यांस चोर समजत होतो. आता कळले की ती बिचारी आमच्यासारखीच फळांवर अवलंबून असलेली मंडळी आहेत.

ही फळे न मिळाली तर काय होते ते पोर्तुगीज खलाशांस चांगले ठाऊक होते. वास्को द गामाच्या १४९७ ते १४९९ च्या पहिल्या सफरीत त्याच्या पुष्कळ लोकांस स्कर्व्हीने गाठले; हिरड्या सुजल्या, जुने व्रण उकलले, आणि अनेक जण परत घरी गेलेच नाहीत. १५३४ च्या तहाने ज्यांनी वसई घेतली त्यांची गलबते याच रोगाच्या छायेतून आलेली असत. पुढे १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसई जिंकली. त्यानंतर आठ वर्षांनी जेम्स लिंड या जहाजावरील वैद्याने स्कर्व्हीच्या बारा रोग्यांच्या सहा जोड्या करून त्यांस निरनिराळे उपचार दिले. ज्या जोडीस रोज दोन संत्री व एक लिंबू मिळाले ती सहा दिवसांत उठून बसली. लिंबातील तो गुण वेगळा काढण्यास १९२८ साल उजाडावे लागले. आणि तो काढणाऱ्या सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञास १९३७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. स्कर्व्हीत मुख्यतः देहाचा चिवट धागा, म्हणजे कोलॅजेन, पक्का होत नाही. तो पक्का करणाऱ्या विकरातील लोह प्राणवायूच्या तावडीत सापडून निकामी होऊ नये, ही राखण तेथेही क जीवनसत्त्वच करते.

येथवर आल्यावर आम्ही उत्साहाने दादांकडे गेलो, आणि नको तेथे प्रामाणिकपणा करून बसलो. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तातील क जीवनसत्त्व धुराशी झुंजण्यात लवकर खर्ची पडते, आणि म्हणून अमेरिकेतील तज्ज्ञांनी २००० साली अशा माणसास इतरांपेक्षा रोज ३५ मिलिग्रॅम अधिक घेण्यास सांगितले, ही माहिती आम्ही त्यांस दिली. दादा खुर्चीतून पुढे सरले. “म्हणजे दंड फक्त पस्तीस मिलिग्रॅम! अर्ध्या पेरूत भागेल. अरे, मग तू भांडतोस कशाला?” वहिनींनी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले तिचे वर्णन करीत नाही. आम्ही चहा घेऊन मुकाट्याने वसईची गाडी धरली.

पस्तीस मिलिग्रॅमने खर्ची पडलेल्या जीवनसत्त्वाची भरपाई होते. धुराने इतर जे केले त्याची होत नाही, हे उत्तर आम्हांस नायगावच्या खाडीवरून गाडी धडधडत गेल्यावर सुचले असते तर ठीक. पण आमची गाडी तेथवर जात नाही, आणि उत्तरेही आम्हांस उशिराच सुचतात. मात्र त्या रात्री आम्ही जे वाचले त्याने आमची चेष्टेची वृत्ती पार उतरली.

दादांसारखाच हिशेब मोठमोठ्या शास्त्रज्ञांनीही केला होता. भाज्या व फळे पुष्कळ खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी दिसतो. त्यांच्या रक्तात गाजराचा रंग जो बीटा-कॅरोटिन तो अधिक असतो. तस्मात् तो गोळीतून दिल्यास धूम्रपान करणारे वाचतील. विचार सयुक्तिक होता. फिनलंडमध्ये १९८५ पासून धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर त्याची परीक्षा झाली. वये पन्नास ते एकोणसत्तर, म्हणजे दादांच्या वयाचीच मंडळी. पाच ते आठ वर्षे गोळ्या दिल्यावर १९९४ साली निकाल जाहीर झाला. ज्यांस बीटा-कॅरोटिन मिळाले त्यांच्यात फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता शेकडा १८ नी वाढला होता. अमेरिकेत अशीच दुसरी परीक्षा १८,३१४ लोकांवर चालू होती. तेथे ती वाढ शेकडा २८ दिसली, आणि १९९६ च्या जानेवारीत, मुदतीच्या एकवीस महिने आधीच, गोळ्या थांबवाव्या लागल्या. २००७ साली अशा ६८ परीक्षांचा, एकंदर २,३२,६०६ लोकांचा, एकत्र ताळेबंद मांडण्यात आला. काटेकोरपणे झालेल्या परीक्षा निवडून पाहिल्या तेव्हा बीटा-कॅरोटिन, अ आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी आयुष्य वाढण्याऐवजी मृत्यूच किंचित अधिक दिसले.

दादांच्या बाटलीवरील बारीक अक्षरे आम्ही त्या दिवशी वाचली होती. यादीतील पहिलेच नाव बीटा-कॅरोटिन हे होते.

असे का व्हावे? एक कारण असे की, रक्तातील कॅरोटिन ही भाजी खाल्ल्याची खूण होती. खूण विकत घेतल्याने भाजी खाल्ल्याचे फळ मिळत नाही. शाळेत पहिला येणाऱ्या मुलाचे अक्षर वळणदार असते म्हणून अक्षर गिरवून कोणी पहिला येत नाही. दुसरे कारण असे सांगतात की, धुराने दाहलेल्या फुप्फुसात प्राणवायूचा दाब मोठा असल्यामुळे कॅरोटिन स्वतःच ऑक्सिडीकृत होऊन उपद्रवी बनत असावे. म्हणजे पहारेकरीच चोरांना जाऊन मिळतो. परंतु आम्हांस सर्वांत विचार करावयास लावणारे कारण तिसरे. मुक्त मूलक हे केवळ शत्रू नाहीत. रक्तातील पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात त्या सुपरऑक्साइडचाच मारा करून. काही बालके जन्मतः हा मारा करण्यास असमर्थ असतात, आणि ती साध्या जंतूंनीही वारंवार आजारी पडतात. व्यायाम केला म्हणजे स्नायूंत मूलक वाढतात; ही वाढ म्हणजेच शरीरास सावध करून घरची शिल्लक वाढविण्याचा निरोप होय. २००९ साली जर्मनीत काही तरुणांस व्यायामाबरोबर क व ई जीवनसत्त्वांच्या जबर मात्रा देऊन पाहिल्या, तेव्हा व्यायामाने साखर पचविण्याची जी शक्ती वाढावयाची ती गोळी न घेणाऱ्यांत वाढली आणि घेणाऱ्यांत वाढली नाही. निरोप्याचेच तोंड दाबल्यावर निरोप कसा पोचावा?

सारांश, देहाचा कारभार चुलीसारखा आहे. ठिणग्या उडतात म्हणून चुलीत पाणी ओतणारी गृहिणी घर वाचवीत नाही, उपाशी ठेवते. ठिणगी जेथे पडू नये तेथे पडू न देणे आणि जाळ बेताचा ठेवणे, एवढेच तिचे कौशल्य.

हे कौशल्य आम्हांस पुस्तकाबाहेर कोठे दिसले असेल तर आगाशीस. वहिनींचे माहेर तेथले, आणि त्यांच्या मावशी अजून राजेळी केळ्यांची सुकेळी करतात. आगाशीच्या सुक्या केळ्यांचा उल्लेख १८८२ च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात आहे. आज ती करणारी घरे थोडी उरली आहेत. पिकलेली केळी सोलून उन्हात मांडावयाची, संध्याकाळी दव पडण्यापूर्वी आत घ्यावयाची, दुसऱ्या दिवशी उलटून पुन्हा मांडावयाची. असे कित्येक दिवस केल्यावर ती मधासारख्या रंगाची होतात आणि सुक्या केळीच्या पानात बांधतात. ज्या हवेने कापलेले केळे तासाभरात काळवंडते त्याच हवेतून, त्याच उन्हातून, मोजून मापून ही गोडी काढलेली असते. सुकेळ्यांत क जीवनसत्त्व फारसे उरत नसेल. आम्ही ती औषध म्हणून सांगत नाही. ‘मावशी, हवेने केळे नासत नाही का?’ असे आम्ही विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “हवा नासवत नाही रे बाबा. हवेत टाकून विसरतो तो नासवतो.” यावर टीका लिहिण्याची आमची छाती नाही.

शेवटचा हिशेब आम्ही दादांपुढे त्यांच्याच पद्धतीने, कागदावर दोन रकाने पाडून, मांडला. डाव्या बाजूस फिनलंडचे व अमेरिकेचे आकडे लिहिले. दादांनी चष्मा लावून ते दोनदा वाचले. हिशेबनीस मनुष्य आकड्याशी बेइमानी करीत नाही, हा त्यांचा मोठा गुण आहे. “म्हणजे बाटली बाद,” ते म्हणाले. “आणि जमेला काय?” जमेला आम्ही एकच नोंद केली होती. ब्रिटनमधील ३४,४३९ पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाची व आयुष्याची टिपणे १९५१ पासून पन्नास वर्षे ठेवण्यात आली, आणि २००४ साली त्यांचा निष्कर्ष असा निघाला की, तिशीत धूम्रपान सोडणाऱ्यास सुमारे दहा वर्षे, चाळिशीत नऊ, पन्नाशीत सहा, आणि साठीत सोडणाऱ्यासही सुमारे तीन वर्षे आयुष्य परत मिळते. देहाची घरची शिल्लक बेचाळीस वर्षे लुटली तरी ती अगदीच बुडत नाही. लूट थांबली की ती पुन्हा थोडीथोडी साठू लागते.

दादा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “तीनच वर्षे? तीन वर्षांत काय होते?”

आम्ही उत्तर जुळवीत होतो, पण वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाल्या, “सातवीतली नात दहावी होते.”

त्या दिवशी बाटली कपाटावर गेली, आणि विडीचे बंडल वहिनींच्या हाती आले. हे लिहिताना त्यास सात आठवडे झाले आहेत. मध्यंतरी दादांनी दोनदा माघार घेतली; दोन्ही वेळा त्यांनी आपण होऊन फोन करून आम्हांस कळविले, जणू काही रोजकीर्दीत चुकलेली रक्कम दुरुस्त करीत आहेत. पहाटे वाडीवाल्या बायका भाजीच्या टोपल्या घेऊन गाडीने मुंबईकडे निघतात, त्यांच्याकडून ते हल्ली स्टेशनावर जाऊन माठ, मुळा, मेथी घेऊन येतात. वहिनी म्हणतात, भाजीपेक्षा ते चालणे त्यांना मानवले आहे. परवा आगाशीहून सुकेळ्यांची पुडी आली. दादांनी तिचे पान सोडले, एक तुकडा तोडून तोंडात टाकला, आणि डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. मधे खोकला आला. पण श्वास पुरा झाला.

ज्याच्यावर जगतो त्याचे देणे कोणासही चुकत नाही. ते एकदम फिटत नाही, आणि दुसऱ्याच्या नावावर ढकलताही येत नाही. पुढच्या माघात जीवदानीच्या पायऱ्यांवर दादा कोठवर चढतात, ते आम्ही त्यांच्या मागे एक पायरी राहून पाहणार आहोत.